हळदटोल्याची रांग

कोसमटोला
१२ सप्टेंबर २०२४

चि. दिव्यानीस अनेक आशीर्वाद.

सडा टाकून झाला होता, चुलीवर आंधण ठेवलं होतं आणि मी ओट्यावर टपालाची पत्रं गावांप्रमाणे मांडत बसले होते. तुझे मोठेबाबा बाजूला सायकलच्या साखळीला तेल देत होते. "मुरमाटोला खालती काऊन ठेवला?" ते म्हणाले. "उद्यापासून तूच जा मंग टपाल घेऊन." मी म्हटलं, जाईन की, सायकल शिकवा. एवढंच झालं त्या सकाळी. मग मी बकऱ्या सोडल्या, त्यांनी खाकी पिशवी खांद्यावर टाकली आणि ते गेले. अशा सकाळी आमच्या सत्तावीस वर्षांत किती झाल्या असतील, पण यंत्र कसं चालवायचं ते लिहिलेली तुझी वही हातात आली तेव्हा नेमकी हीच आठवली.

तुला माहीत आहे, मी शाळेत दोन पावसाळे गेले. वाचायला शिकले ती यांच्या पत्रांवरचे पत्ते पाहून. 'मुक्काम पोस्ट' हे मी वाचलेले पहिले दोन शब्द. पत्त्यांनंतर किराण्याच्या पुड्यांचे कागद, त्यानंतर पेपर. इंग्रजी अक्षरं मनीऑर्डरीच्या फॉर्मवरून आली. म्हणून तुझी वही मी कोणाला विचारल्याशिवाय वाचली. तीनदा वाचली. सगळी पानं वाचली, 'गरज नाही' लिहिलेलं चौदावंही.

हत्ती आले की गावांना मेसेज पाठवणारं ते यंत्र आमच्या नऊ गावांच्या संघाच्या खोलीत बसलं आहे. अध्यक्ष ललिताबाईंनी सगळ्यांसमोर सांगितलं, "किल्ली मनकर्णाबाईकडे राहीन. तिचा नवरा टपाल नेत होता, हेबी टपालच होय." मला बरं वाटलं. हत्तींच्या मागावर असणारी माणसं फोन करतात, मी मेसेज लिहिते, तो त्या गावात जातो. इथे माउस आहे पण मी तो कपड्याखाली झाकून ठेवला आहे. चित्रावर टिचकी मारण्यापेक्षा काळ्या पडद्यावर लिहिलेलं बरं. आपण लिहायचं, त्याने उत्तर लिहायचं. हे मला पत्रासारखंच वाटतं.

फोनवर विचारू नकोस, आवाज तुटतो. शिवाय कागद यंत्राशेजारी उभा करून ठेवता येतो. पत्रच लिही.

तुझी मोठीमाय
मनकर्णा


हैदराबाद
२३ सप्टेंबर २०२४

ती. मोठीमायस सा. नमस्कार.

तुझं पत्र ऑफिसच्या पत्त्यावर आलं. शेजारच्या पुनमने विचारलं, "कोणाचं लग्न आहे?" टपालाने फक्त लग्नपत्रिका येतात असं तिला वाटतं. मी तिला तुझं अक्षर दाखवलं. मग तिला सांगितलं की ही माझी मोठी मावशी बावन्न वर्षांची आहे आणि रोज लिनक्सवर काम करते. ती पुन्हा पत्राकडे बघायला लागली.

वहीत एक गोष्ट नीट लिहायची राहिली, ती इथे लिहिते. यंत्रात प्रत्येक गावाची एक रांग आहे. तू मेसेज घातलास की गावातल्या प्रत्येक नावासाठी त्याची एक प्रत त्या रांगेत उभी राहते. सिमकार्ड एकेक प्रत उचलून पाठवतं. समोरच्या फोनवर ती पोचली की पोच परत येते, आणि मगच ती प्रत रांगेतून जाते. पोच आली नाही तर प्रत तिथेच थांबते, थोड्या वेळाने पुन्हा पाठवली जाते. आपोआप काहीही फेकलं जात नाही. मी बनवलेलं 'रांग' हे साधन या रांगा पाहण्यासाठी आणि हलवण्यासाठी आहे. 'रांग पाहा' लिहिलं की कोण थांबलंय ते कळतं. 'रांग काढ' लिहिलं की अडलेली प्रत बाजूला होते. 'रांग रिकामी' मात्र कधी लिहू नकोस. लिहिलंसच तर ते दोनदा विचारेल, आणि दोन्ही वेळा 'नाही' म्हण.

चौदावं पान सोडून दे. ते तुझ्या कामाचं नाही. 'क्रम पक्का' केला की पहिल्याची पोच आल्याशिवाय दुसरी प्रत सुटतच नाही. आमच्या कामात ते लागतं, आम्ही दवाखान्यांसाठी काम करतो. तिथे रक्ताच्या तपासणीचा निरोप आधी गेला पाहिजे आणि औषधाचा नंतर. तुझ्याकडे 'क्रम सुटा' आहे, तोच राहू दे.

आणि एक सांगायचं होतं. 'रांग' मी इंटरनेटवर सगळ्यांसाठी मोकळं ठेवलं आहे. परवा कुठल्याशा थंड देशातल्या माणसाने लिहिलं की त्यांच्या बंदराच्या यंत्रावर तो ते वापरतो. सोबतच्या माहितीत उदाहरण म्हणून आपली नऊ गावं दिली आहेत, त्यामुळे तो माणूस आता रोज 'हळदटोला' टाईप करून सराव करतो.

दिव्यानी


कोसमटोला
२० ऑक्टोबर २०२४

चि. दिव्यानीस आशीर्वाद.

तो थंड देशातला माणूस हळदटोला लिहितो हे मी ललिताबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "त्याले म्हणा ये एकदा, रस्त्यातले गड्डे बी पाहून जा." पण दोन दिवसांत सगळ्या गावात झालं. किराणा दुकानात एक बाई मला म्हणाली, "तुमची दिव्यानी त लय मोठी झाली वो." मी म्हटलं, मोठी नाही, उंची तेवढीच आहे. पण घरी आल्यावर मी आरशात पाहिलं, तर छाती माझीच फुगलेली होती.

आता कामाचं. मागच्या शुक्रवारी दुपारी फोन आला की कळप जांभळीटोल्याच्या तळ्याकडे निघाला. मी लिहिलं, "हत्ती तळ्याकडे. तळ्याच्या बाजूने कोणी जाऊ नये. बांधावरच्या झोपड्या सोडा." अडतीस नावं होती. मी पडद्यासमोर बसून एकेक पोच मोजली. अडतिसावी आली तेव्हा मी पाणी प्यायले. हत्ती आले, धान खाल्लं, एक पाईप तोडला आणि गेले. माणसाला धक्का लागला नाही. दुसऱ्या दिवशी तिथला एक म्हातारा मला भेटायला पाच मैल चालून आला. म्हणाला, "मले वाचता नाई येत, पण तुमचा मेसेज आला त नातीनं वाचून दाखवला. आमी उठलो." मी त्याला चहा दिला. हे असते तर त्यांनीही दिला असता.

नावांच्या याद्या मी आपल्या पद्धतीने लावल्या आहेत. प्रत्येक गावात पहिलं नाव मानाच्या माणसाचं. कुठे पाटील, कुठे गायता. हळदटोल्यात पहिलं नाव पोचू नरोटे गायत्याचं. तिथली पेरणी, सण, देवाचं सगळं काम त्यांनी सुरुवात केल्याशिवाय होत नाही. तुझे मोठेबाबाही हळदटोल्याला गेले की सगळ्यात आधी पोचूभाऊंच्या दारात जात, त्यांचं टपाल देत, मग बाकी गाव. वीस वर्षं मी हे ऐकत आले. त्यांची पद्धत यंत्रात उतरली म्हणून मला समाधान वाटतं.

बाबांची कपाशी पाहायला वरोऱ्याच्या शेतावर जाशील तेव्हा त्यांना सांग, माझी आठवण ठेवा.

तुझी मोठीमाय


हैदराबाद
४ नोव्हेंबर २०२४

ती. मोठीमायस नमस्कार.

दिवाळीला येता आलं नाही, रागावू नकोस. जानेवारीत नक्की येते.

अडतीसपैकी अडतीस. मी ऑफिसात मोठ्याने वाचून दाखवलं. आमचे साहेब म्हणाले, आपल्या मोठ्या दवाखान्यातही एवढं होत नाही. मी म्हटलं, तिथे माझी मोठीमाय नाही.

यादीचं म्हणशील तर तुला वाटतं तेवढा फरक पडत नाही. नाव पहिलं असलं काय आणि शेवटचं असलं काय, सगळे मेसेज दोन-तीन मिनिटांत जातात. कोणाला आधी मिळाला हे कोणाला कळतसुद्धा नाही. तेव्हा मानासाठी यादी लावत बसू नकोस, उगाच वेळ जातो. मोठेबाबांच्या काळी सायकल होती म्हणून आधी आणि नंतर होतं. यंत्राला ते नसतं.

थंड देशातल्या माणसाने एक चूक शोधून दिली, ती दुरुस्त केली. आता 'रांग' वापरणारे दोनशेच्या वर आहेत.

दिव्यानी


कोसमटोला
२७ नोव्हेंबर २०२४

चि. दिव्यानीस आशीर्वाद.

वाईट बातमी आहे. गुरुवारी संध्याकाळी हत्ती हळदटोल्यात शिरले. कापून रचलेल्या धानाचे पुंजणे विस्कटले, चैतूच्या घराची भिंत पाडली. कलाबाई पुंजण्यापाशी राखणीला बसली होती. फांद्या मोडल्याचा आवाज आला तेव्हा तिला कळलं. पळताना बांधावरून पडली, उजवा हात कोपराच्या वर मोडला. जीव वाचला. ती माझ्याच वयाची आहे. तिलाही नवरा नाही.

मेसेज मी दुपारी चारला घातला होता. गावात एकालाही मिळाला नाही.

यंत्रातून सुटला नाही. ललिताबाई सगळ्यांना सांगत आहेत की यंत्रात बिघाड झाला. हळदटोल्याचे लोक म्हणतात, आमची नावं काढून टाका, आम्ही आमचे पहारे लावू, खोट्या भरवशापेक्षा ते बरं. पुढच्या महिन्यात त्यांची सभा आहे, तिथे ठरेल.

जास्त लिहवत नाही.

मोठीमाय


हैदराबाद
६ डिसेंबर २०२४

ती. मोठीमाय,

तुझं पत्र मिळालं. फोन लावला, लागला नाही. ललिताबाईंचा लागला. त्यांनी कलाबाईंच्या हाताला प्लास्टर घातल्याचं सांगितलं. "बाई जेवत नाई धड," असं तुझ्याबद्दलही सांगितलं.

दोष माझा आहे. तू मेसेज वेळेवर घातलास, आणि तो सुटला नाही, म्हणजे साधनात कुठेतरी चूक आहे. गेल्या शनिवारी-रविवारी आणि नंतर रोज रात्री मी सगळं पुन्हा पुन्हा तपासलं. मला ती सापडत नाही, आणि सापडत नाही याचीच भीती वाटते. ऑक्टोबरमध्ये मी एक दुरुस्ती केली होती, त्यात काही बिघडलं असेल. काल मी इंटरनेटवर सूचना लावली: या साधनात गंभीर दोष आहे, एका गावात माणूस जखमी झाला आहे, कोणीही वापरू नये. दोनशे लोकांना ती गेली. बंदरवाल्याने लिहिलं की वाईट वाटतं, पण त्यांनी ते काढलं. साहेबांनाही सांगितलं. जानेवारीपासून दवाखान्याच्या कामात ते घेणार होते, आता घेणार नाहीत. बरोबर आहे त्यांचं.

मोठीमाय, मी आठवीत असताना तू ब्रह्मपुरीला आली होतीस आणि माझं गणिताचं पुस्तक उघडून म्हणाली होतीस, "हे मले नाई समजत, पण तुले समजते हे मले दिसते." त्या एका वाक्यावर मी इथवर आले. आणि आता तुझ्याच नऊ गावांतल्या बाईचा हात माझ्यामुळे मोडला.

एक काम कर. 'रांग पाहा हळदटोला' लिही आणि पडद्यावर जे येईल ते जसंच्या तसं कागदावर उतरवून पाठव. एकही अक्षर सोडू नकोस.

दिव्यानी


कोसमटोला
१९ डिसेंबर २०२४

चि. दिव्यानीस अनेक आशीर्वाद.

आधी ती सूचना काढ. हे पत्र वाचून संपायच्या आत काढलीस तरी चालेल. तुझ्या साधनात दोष नाही.

तू सांगितलेलं मी उतरवून ठेवलं आहे. त्यासाठी मला यंत्रासमोर जावं लागलं नाही, मला ते पाठ आहे. त्या गुरुवारी चार वाजून दहा मिनिटांनी ते मी पडद्यावर वाचलं होतं:

"हळदटोला. एकूण ४२. गेले ०. थांबलेले ४२. कारण: क्रम पक्का. पहिल्याची पोच नाही. पहिला: पोचू नरोटे. पुढे जायचे असल्यास 'रांग काढ' लिहा."

इतक्या साध्या मराठीत लिहिलं होतं. तुझं साधन खरं बोललं, वेळेवर बोललं आणि उपायही सांगितला. क्रम मी पक्का केला होता. चौदाव्या पानावरून, ऑक्टोबरमध्ये, नऊही गावांचा. तुझं चार नोव्हेंबरचं पत्र आलं, त्यात तू लिहिलं होतंस की आधी आणि नंतर यंत्राला नसतं. मी मनात म्हटलं, तुला माहीत नाही पोरी, माझ्या यंत्राला असतं. आणि मी ते पत्र घडी करून ठेवलं.

पोचूभाऊ त्या दिवशी पेनाच्या, म्हणजे त्यांच्या देवाच्या, कामाला जंगलात गेले होते. देवाच्या कामाला जाताना ते फोन बंद करून घरी खुंटीला लटकवतात. तीन दिवस. हे मला माहीत होतं. हळदटोल्यातल्या लहान पोरालाही माहीत आहे. तरी मी पडद्यावरचं वाचून बसून राहिले. 'काढ' हे दोन अक्षरांचं काम होतं. मला वाटलं, गायत्याला वगळून त्याच्या गावाला कसं सांगायचं? तुझ्या मोठेबाबांनी त्यांच्याआधी कोणाला सांगितलं नसतं. पोचूभाऊ कोणाला तरी पाठवून फोन उघडतील, थोडं थांबू. पाच वाजता मी कुलूप लावून बकऱ्या बांधायला घरी गेले.

मला वाचता येत नसतं तर गोष्ट वेगळी होती. मला वाचता येतं, आणि मी वाचलं होतं.

सत्तावीस तारखेच्या पत्रात मी लिहिलं, "यंत्रातून सुटला नाही." ते खोटं नव्हतं. पण तू काय समजशील हे मला लिहिताना कळत होतं आणि मी ते तसंच ठेवलं. ललिताबाई बिघाड म्हणाल्या तेव्हाही गप्प राहिले. तुझं सहा तारखेचं पत्र आलं, त्यात गणिताच्या पुस्तकाचं वाचलं आणि मग मला घरात बसवेना.

दुसऱ्या दिवशी हळदटोल्याला गेले. आधी कलाबाईकडे. ती डाव्या हाताने भाजी निवडत होती. मी सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "तुही चूक होय त मंग भाजी तूच निवड." मी बसून निवडली. ती रागावली होती का, ते मला अजूनही नीट कळलं नाही. भाजी झाल्यावर तिने मला चहा केला नाही, आणि जा पण म्हणाली नाही.

मग पोचूभाऊंकडे गेले. ते अंगणात दोरी वळत होते. मी म्हटलं, "भाऊ, यांनी तुमचा मान कधी सोडला नाई. मी तोच मान यंत्रात लावला. त्यापायी गाव राहिलं."

त्यांनी दोरी खाली ठेवली. "कोणता मान?"

"सगळ्यात पहिले तुमच्या दारात येत ना ते. मग बाकी गाव."

पोचूभाऊ हसायलाच लागले. आतून त्यांची बायको बाहेर आली, काय झालं म्हणून. ते म्हणाले, "अवो बाई, गुणवंतराव माह्या घरी पयले काऊन ये, मालूम हाय का? माहं घर रस्त्यावर पयलं हाय. सायकल टेकवाले मोहाचं झाड हाय. आन् हे माही घरवाली चाय मांडे. कोसमटोल्यातून निंगाला की त्याले इथीच तहान लागे."

मी म्हटलं, "आणि तुम्ही पेनाच्या कामाला गेले असले की?"

"त चाय पिऊन समोर जाय. गावाची पत्रं का माह्यासाठी ठेवून वापस ने का तो? एक डाव माहं रजिस्टर आलं होतं, मी नवतो. तीन दिवस ते पिशवीत फिरवलं, बाकी गावाचं त्याच दिवशी वाटलं."

त्यांची बायको म्हणाली, "साखर जास्त लागे त्यायले."

हे मला माहीत नव्हतं. घरी ते बिनसाखरेचा चहा पीत, कारण मी तसाच करत होते.

दिव्यानी, मी ओसरीवर बसले आणि मला रडू आलं, आणि त्यातच हसूही. ते गेल्याला तीन वर्षं झाली. छातीत कळ आली तेव्हा त्यांनी आधी सायकल झाडाला नीट टेकवली आणि मग खाली बसले, असं पाहणाऱ्याने सांगितलं होतं. या तीन वर्षांत मी त्यांच्या प्रत्येक गोष्टीला नियम करून ठेवलं. घरात त्यांचा पेला कुठे राहायचा, दिवा कोणत्या बाजूला. आणि ते स्वतः असे होते, की जिथे सावली आणि चहा मिळेल तिथे थांबायचं, आणि जिथे पत्र पोचवायचं तिथे थांबायचं नाही. मी त्यांची सावली धरून बसले आणि पोचवणं विसरले.

पोचूभाऊ म्हणाले, "मान मले गावानं देल्ला. तुया यंत्रानं नको देऊ. मी जंगलात असलो आन् गावाले हत्तीनं तुडवलं, त मी कायचा गायता?"

परवा मंगळवारी हळदटोल्याची सभा झाली. सगळे आले होते. ललिताबाईंनी सुरुवात केली, "यंत्रात बिघाड होता, तो आता..." मी उभी राहिले आणि म्हटलं, बिघाड नव्हता. मी चौदावं पान सांगितलं, क्रम पक्का कसा केला ते सांगितलं, चार वाजून दहा मिनिटांनी काय वाचलं ते जसंच्या तसं म्हणून दाखवलं. माझा आवाज हलला नाही. मी आयुष्यात सभेत उभी राहून बोलले ते पहिल्यांदा.

चैतू म्हणाला, "मंग माही भिंत कोण बांधते?"

मी म्हटलं, माती मी आणीन, पण मला भिंत सरळ येत नाही. कोणी तरी हसलं. चैतू हसला नाही, पण म्हणाला, "माती आन, भिंत मी बांधतो."

एका बाईने विचारलं, "हे सगळं तुमी न सांगता बी चाललं असतं. काऊन सांगता?"

मी तुझं सांगितलं. म्हटलं, माझ्या बहिणीच्या पोरीने हे साधन स्वतः लिहिलं. दोनशे लोक ते वापरत होते, आणि तिने माझ्या चुकीसाठी सगळ्यांना सांगितलं की दोष तिच्या साधनाचा आहे. तिला स्वतःचं नाव प्यारं असतं तर ती आधी मला विचारत बसली असती. तिने आधी लोकांना सावध केलं. अशा पोरीने बनवलेल्या वस्तूला मी खोटं पाडू का? हे बोलताना मला लाज वाटत होती आणि त्याहून जास्त अभिमान वाटत होता. दोन्ही एका वेळी वाटू शकतं हे मला बावन्नाव्या वर्षी कळलं.

कलाबाई प्लास्टरचा हात मांडीवर घेऊन बसली होती. ती म्हणाली, "माहं नाव यादीत राहू द्या. पण हे बाई पडद्यापासून उठाची नाई, सगळ्यायची पोच आल्याबिगर." ललिताबाईंनी ते लिहून घेतलं. मी खाली सही केली. बाकीच्यांनीही नावं ठेवली, दोन घरं सोडून. त्यांचा राग मला समजतो. पहारेही लागणार आहेत, आणि ते लागलेच पाहिजेत.

आता तुझ्यासाठी दोन गोष्टी. चौदावं पान काढून टाकू नकोस. तुझ्या दवाखान्याला ते लागतं, आणि चूक पानाची नव्हती. पण त्या पानाच्या वर ठळक अक्षरात लिही की जिथे एकासाठी थांबल्याने बाकीच्यांच्या जिवाला धोका आहे तिथे क्रम पक्का करू नये. तुझ्या भाषेत कसं लिहायचं ते तू ठरव. बंदरवाल्याला माझ्याकडून लिही की साधन चांगलं आहे, कोसमटोल्याच्या मनकर्णा गुरनुलेने ते बिघडवलं होतं. माझं नाव पूर्ण लिही, त्याला वाटू नये की कोणी दुसऱ्याच्या नावावर ढकललं. आणि साहेबांना हे पत्र दाखव. मराठी येत नसेल तर वाचून दाखव, एकही ओळ गाळू नकोस. जानेवारीत येशील तेव्हा चहा जास्त साखरेचा मिळेल.

सभेच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे काल, मी सकाळी खोली उघडली, नऊही गावांचा क्रम सुटा केला, हळदटोल्याच्या चाळीस नावांना "हा मेसेज फक्त पाहण्यासाठी आहे" असं लिहून पाठवलं, चाळीस पोची येईपर्यंत उठले नाही, आणि मग कुलूप लावून हळदटोल्याला पायी गेले आणि घरोघरी विचारलं, मिळाला का.

तुझी मोठीमाय
मनकर्णा